ग्लासगो ते गिंडी : विद्यार्थ्यांचे प्रक्षेपण

विद्यार्थ्यांनी विनावेतन दूरचित्रवाणी केंद्र चालवावे, ही कल्पना ग्लासगो विद्यापीठात १९६४ साली साकार झाली. ब्रिटनमधील हे सर्वांत जुने विद्यार्थी-दूरचित्रवाणी केंद्र होय.

आपल्याकडे ही वाट कायद्यानेच रोखली होती. १८८५च्या तार कायद्याने प्रसारण सरकारच्या हाती ठेवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दूरदर्शनवर 'देशव्यापी वर्ग' भरवला खरा; परंतु त्यात विद्यार्थी प्रेक्षकच राहिला. पुढे क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निर्वाळा दिला, की प्रसारणलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. २००२ अखेर शासनाने शिक्षणसंस्थांना नभोवाणी केंद्रे काढण्याची मुभा दिली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या गिंडी भागात, अण्णा विद्यापीठात, 'अण्णा एफ.एम.' हे देशातील पहिले विद्यापीठीय सामुदायिक केंद्र सुरू झाले. चित्र नव्हे, केवळ ध्वनी; पण निवेदक विद्यार्थी, आणि सोबतीला आसपासच्या वस्त्यांतील रहिवासी.

अशा केंद्राचा आवाका दहा-पंधरा किलोमीटरांचा. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवरील आमच्या गुम्मिडिपूंडीस तो आवाज पोहोचत नाही. त्यामागील तत्त्व मात्र पोहोचावे. भाषा केवळ ऐकून टिकत नाही, ती बोलणाऱ्यांच्या मुखी टिकते. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मंडळाने आजवर कार्यक्रम दाखविले. सुवर्णमहोत्सवानंतर ध्वनिक्षेपक त्यांच्याच हाती द्यावा, असे आम्हांस वाटते.