नागझिऱ्याचे वाघ आणि लघुपल्ल्याचा बिनतारी संकेत

वन्य प्राण्याच्या गळ्यातील पट्टा कोणत्या बिनतारी पद्धतीने निरीक्षकाशी जोडावा, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा भासतो. तथापि मिळालेल्या माहितीवर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्नही त्यात अंतर्भूत आहे. गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या संदर्भात या निवडीचा इतिहास उद्बोधक ठरतो.

प्रारंभ लघुपल्ल्याच्या संकेताने झाला. १९६० च्या सुमारास अमेरिकेत प्राण्यांवर छोटे रेडिओ प्रेषक बसविण्याचे प्रयोग सुरू झाले. नेपाळातील चितवन येथे १९७४ च्या अखेरीपासून आणि कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्लास कारंत यांच्या संशोधनात १९९० पासून वाघांना असे पट्टे बांधण्यात आले. यासाठी अतिउच्च कंप्रतेच्या, म्हणजे व्हीएचएफ लहरी वापरल्या जात. प्रत्येक पट्ट्याची कंप्रता निराळी असे; दिशादर्शक अँटेनाने दोन-तीन ठिकाणांहून संकेताची दिशा पाहावयाची आणि त्या रेषा जेथे छेदतील तेथे प्राणी आहे असे मानावयाचे, अशी ही रीत होय. या पद्धतीस वीज अल्प लागते. परंतु डोंगर व दाट झाडी आड आल्यास संकेत क्षीण होतो, आणि काही किलोमीटरांपलीकडे गेलेला वाघ ऐकूच येत नाही.

ही मर्यादा किती मोठी आहे, हे ‘जय’ या वाघाच्या स्थलांतरावरून ध्यानात येते. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. इतक्या मुक्त संचारापुढे पायी फिरणारा निरीक्षक अपुरा पडणार, हे उघड आहे. यास्तव उपग्रहाद्वारे स्थान कळविणारे पट्टे अधिक योग्य वाटू लागले. परंतु पुढे पट्टा बांधलेल्या याच जयचे संकेत एप्रिल २०१६ मध्ये थांबले, आणि व्यापक शोध घेऊनही तो सापडला नाही. यंत्र बिघडले, की वाघ मेला, याचे उत्तर संकेताच्या मौनातून मिळत नाही.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या, तेव्हा उपग्रह-पट्ट्यांच्या जोडीने व्हीएचएफ संकेतावर माग काढणारी पथकेही नेमण्यात आली. उपग्रह ठरावीक अंतराने स्थान कळवितो. मधल्या वेळेत प्राण्याच्या निकट नेण्याचे कार्य जुना संकेतच करतो. जनावराची शिकार पाहणे, त्याची प्रकृती तपासणे किंवा गावालगतच्या लोकांस वेळीच सावध करणे, ही कामे दुरून होणारी नव्हेत.

सारांश, येथे नव्याने जुन्यास हटविले नाही. दोहोंत कार्यविभागणी झाली. लघुपल्ल्याची जी उणीव मानली गेली, ती माणसास अरण्यात जावयास लावणारी होती. आणि वाघाविषयीच्या ज्ञानाची खातरजमा आजही तेथेच होते.