तळटीप : मेंटल मॉडेल

३. मेंटल मॉडेल : एखादी वस्तू कशी चालते याचे वापरणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेले चित्र. केनेथ क्रेक यांची ही १९४३ मधली कल्पना डोनाल्ड नॉर्मन यांनी डिझाइनच्या चर्चेत रुजवली. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण इनस्क्रिप्ट कळफलकाचे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्टचे, म्हणजे भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे, काम पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात हा कळफलक आला. बाराखडी गिरवलेल्या मनाला त्याची मांडणी लगेच पटते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. क च्याच कळीवर शिफ्ट दाबून ख. त-थ, प-फ यांचेही तसेच. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते, पण टंकायची व्यंजनानंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. बंगाली किंवा मल्याळममध्येही क त्याच कळीवर. इतकी विचारी मांडणी असूनही पुष्कळ लोक रोमन अक्षरे दाबूनच मराठी लिहितात. आमच्या मते दोष मांडणीचा नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक कळफलकांवर देवनागरी छापलेलीच नसते. नॉर्मन ज्याला सिग्निफायर म्हणतात ती दिसणारी खूणच तिथे गायब आहे. — संपा.