ब्रह्मावर्तचा वाडा आणि त्याच्या भोवतालच्या चुली

कानपूरच्या वरच्या अंगाला सुमारे २० किलोमीटरवर, गंगेच्या काठी बिठूर हे गाव आहे. मराठी माणूस त्याला ब्रह्मावर्त या क्षेत्रनावाने ओळखतो. उन्हाळ्यात लू वाहणारा आणि हिवाळ्यात कडाक्याने गारठणारा हा मुलूख. पुण्याच्या हवेत वाढलेल्यांनी तेथे घर का मांडले, याचे उत्तर १८१८ सालात आहे. त्या वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला ८ लाख रुपये घ्यावेत आणि दक्षिणेचा हक्क सोडावा, असे ठरले; आणि पेशव्यांचा संसार बिठूरला गेला.

त्या वाड्याची गोष्ट सांगताना आपण बाजीराव, नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनकर्णिका यांची नावे घेतो. पण कोणताही वाडा चार नावांवर उभा राहत नाही. मालकामागोमाग कारकून, शिपाई, हुजरे, आचारी, पाणके, भिक्षुक अशी हजारो माणसे गेली. वाड्याभोवती त्यांची बिऱ्हाडे वसली. त्यांचा रोजमुरा त्या ८ लाखांतूनच निघत असे.

२८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला आणि नेमणूक बंद झाली. काही रक्कम चालू ठेवावी, ही स्थानिक अधिकाऱ्याची शिफारसही मानली गेली नाही. डलहौसीचा हिशेब सरळ होता : बाजीरावाला ३२ वर्षांत अडीच कोटींहून अधिक मिळाले, मागे २८ लाखांची मालमत्ता उरली, वारसांना एवढे पुरे. नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्लाखानास विलायतेस धाडले, व्यर्थ गेले.

राजाच्या तनख्यासाठी अश्रू ढाळावेत, असे मी म्हणत नाही. तो पैसाही रयतेच्या घामाचाच होता. पण हजेरीपुस्तक आणि पगारपत्रक यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याला डलहौसीच्या हिशेबातील एक रकाना कोरा दिसतो. त्या वाड्यावर किती चुली पेटतात, हे त्यात कोणी मांडलेच नाही. टाळेबंदीच्या वेळी आजही मालकाचा ताळेबंद वाचला जातो, चुली मोजल्या जात नाहीत.

पुढे १८५७ साल आले. कानपूरला बिबीघरात स्त्रिया-मुलांची कत्तल झाली. तो डाग लपवून चालणार नाही. जुलैतच नानासाहेब गंगापार गेले आणि हॅवलॉकच्या फौजेने वाडा जाळला. डिसेंबरात होप ग्रँटच्या सैन्याने वाड्याची विहीर उपसून सोन्याचांदीची भांडी बाहेर काढली.

या उपशाची हकीकत फोर्ब्स-मिचेल या गोऱ्या सैनिकाने आठवणींत लिहून ठेवली आहे. पाळ्या लावून शिपाई पाणी ओढत होते. प्रत्येकाला हजार रुपये मिळतील, असे त्यांना सांगितले होते. खजिना निघाला, सरकारने तो आपला म्हटला आणि ओढणाऱ्यांच्या हाती पैही पडली नाही, असे तो म्हणतो.

एकाच वाड्याच्या आवारात पाणक्याचा रोजमुरा बुडाला आणि जिंकणाऱ्या शिपायाची मजुरीही बुडाली. झेंडा बदलला, हिशेबाची रीत बदलली नाही. ब्रह्मावर्तास जाल तेव्हा घाटावर अवश्य स्नान करा, नानासाहेबांना वंदन करा. पण त्या वाड्याच्या जागेवर क्षणभर उभे राहून, इथे पाणी कोण भरत होते, हेही विचारा. तिथपासूनचा इतिहास अजून लिहायचा आहे.