मुरुडचे दोन कागद

दापोलीहून आसूदमार्गे मुरुडला उतरताना नारळी-पोफळीच्या बागा लागतात आणि समुद्राची गाज कानी येते. या लहानशा गावाचे दोन सुपुत्र महाराष्ट्राच्या इतिहासात अजरामर झाले : रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३-१८८९) आणि महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२). शाळेच्या पुस्तकात ही नावे एखाद्या ओळीत संपतात. मुले ती ओळ पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. दोष मुलांचा नाही. आपण त्यांच्या हाती निष्कर्ष देतो, पुरावा देत नाही.

एके काळी पुरावा मिळणेच कठीण होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांची दफ्तरे धुंडाळली, तेव्हा कुठे १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. आज मात्र 'इंटरनेट आर्काइव्ह', राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल', मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे 'ग्रंथ संजीवनी' अशी भांडारे संगणकावर, किंबहुना खिशातल्या फोनवरही उघडतात.

त्यांत मुरुडचे दोन कागद आहेत. पहिला मंडलिकांचा. मुरुड गाव कसे वसले, याची हकीकत सांगणारे एक जुने टिपण त्यांना मिळाले. त्यावरील त्यांचा इंग्रजी निबंध एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, १८६० च्या दशकातील आठव्या खंडात छापलेला आहे. दुसरा कागद म्हणजे कर्व्यांचे १९१५ सालचे 'आत्मवृत्त'. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी, विधवा गोदूबाईंशी विवाह केला. त्यावर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले आणि त्याची झळ घरच्यांनाही पोहोचली. ज्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, त्यांच्यावर त्यांच्याच गावाने बहिष्कार घातला होता!

एका कागदात गावाचा अभिमान आहे, दुसऱ्यात गावाची चूक. शिक्षकाने दोन्ही मुलांपुढे ठेवावेत आणि चार प्रश्न विचारावेत : हे कोणी लिहिले? केव्हा? कोणासाठी? काय सांगायचे राहून गेले? सेमिनरीत पवित्र ग्रंथाचा अभ्यास करताना आमच्या गुरुजनांनी आम्हांला हेच प्रश्न विचारायला शिकविले. त्याने श्रद्धा उणावली नाही, उलट डोळस झाली. बहिष्काराची हकीकत कर्व्यांच्या लेखणीतून आली आहे; बहिष्कार घालणाऱ्यांची बाजू कोठे सापडेल, असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला असे समजावे.

मात्र यंत्र विवेक पुरवीत नाही. एका विद्यार्थ्याने मुरुडवरील प्रकल्प मला मोठ्या कौतुकाने दाखविला. पहिल्याच पानावर जंजिरा किल्ला होता! ते मुरुड रायगड जिल्ह्यातले, हे रत्नागिरीतले. शोधयंत्राने नाव जुळवले, गाव जुळवले नाही. शिवाय जुने मराठी दफ्तर बहुतांशी मोडी लिपीत आहे. त्याची छायाचित्रे कितीही उपलब्ध झाली, तरी मोडी वाचणारा नसेल तर ती मुकीच राहणार. तेव्हा घराघरांतून एकातरी मुलाने मोडी शिकावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या घरीही असे कागद असतात. त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहाची नोंदवही ठेवण्यास सांगितले : वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि ठिकाण. चर्चच्या कपाटातील त्या नोंदवह्या हाही इतिहासाचा प्रथम पुरावाच होय. आजीच्या पेटीतील पत्रे, जमिनीचा जुना दस्त, लग्नाचा फोटो, हे सारे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मागे नाव, गाव, साल लिहावे.

मुरुडमध्ये आज महर्षींचे स्मारक आहे. ज्या गावाने दार लावले, त्याच गावाने पुढे त्यांचा मान केला. आपल्या मुलांना स्मारकही दाखवावे आणि लावलेले दारही. पूर्वजांची चूक ज्याने त्यांच्याच कागदात वाचली, तो आज कोणाला वाळीत टाकण्याआधी क्षणभर थांबेल, अशी आशा वाटते.