काचघरातलं लग्न आणि कायद्याचं छप्पर

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती इंग्लंडमध्ये नोकरी करते, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न आहे आणि दोन जागा पाहून झाल्यात. एक म्हणजे जुनी, चहूबाजूंनी विटांची भिंत असलेली बाग. गुलाबांचे ताटवे, मध्ये हिरवळ, एका कोपऱ्यात सफरचंदाची झाडं. दुसरं म्हणजे एका जुन्या हवेलीच्या आवारातलं काचघर. "ताई, तू लग्नांवर पीएचडी करतेस ना, मग सांग. बाग घेऊ की काचघर?"

मी लग्नांवर पीएचडी करत नाही, इंग्लंडच्या विवाहकायद्याच्या इतिहासावर करते. घरच्यांना हा फरक गेली चार वर्षं समजावून सांगतेय. पण या वेळी प्रश्न खरोखरच माझ्या विषयातला निघाला. बागेच्या व्यवस्थापकाने तिला सांगितलं होतं, "आमच्याकडे समारंभ हवा तेवढा करा, कायदेशीर लग्न मात्र आधी रजिस्टर ऑफिसात उरकून या." काचघरवाले म्हणाले, "आमच्याकडे लायसन्स आहे, इथेच लागेल." मध्ये फक्त काचेचं छप्पर, तर मग एवढा फरक का? त्याचं उत्तर द्यायला मला पावणेतीनशे वर्षं मागे जावं लागलं. तुम्हीही चला.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन डोळ्यांसमोर आणा. फ्लीट नावाचा एक तुरुंग होता, मुख्यतः कर्जबुडव्यांसाठी. तिथे कर्जापायी अडकलेले काही पाद्रीही असायचे. नोकरी आधीच गेलेली, त्यामुळे वरिष्ठांची भीती नाही. तुरुंगाच्या आसपासच्या दारूच्या गुत्त्यांत त्यांनी लग्नं लावायचा धंदाच मांडला. पैसे टाका, लग्न लावा. जादा पैसे टाका, वहीत मागची तारीख घालून मिळेल. पोटातलं मूल आधी आणि लग्न नंतर, असं असेल तर ही सोय फार मोलाची. आणि गंमत म्हणजे ही लग्नं कायद्याने वैध होती! श्रीमंत घरातल्या अल्पवयीन वारसदार मुलीला फूस लावून कोणी फ्लीटला नेलं, की संध्याकाळपर्यंत जावईबापू तयार.

याला आळा घालायला १७५३ साली संसदेने कायदा केला. लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि २५ मार्च १७५४ पासून तो लागू झाला. लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवारी व्हायला हवी किंवा परवाना हवा, आणि लग्न चर्चमध्येच लागायला हवं. नाहीतर ते लग्नच नाही. नियम मोडून लग्न लावणाऱ्या पाद्र्याला चौदा वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट होती ती ज्यू आणि क्वेकर यांना. त्यांनी आपापल्या रीतीने कुठेही लग्न लावावं. ही सूट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. शिवाय कँटरबरीच्या आर्चबिशपकडून खास परवाना मिळाला तर कुठेही लग्न लावता यायचं, पण ते बड्या लोकांचं काम.

आता इथे थोडं थांबू, कारण माझ्या प्रबंधाचा गाभा हाच आहे. कायद्याला चर्चची भिंत का हवी होती? पावित्र्यासाठी, असं आपल्याला वाटतं. ते कारण होतंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे जाहीरपणा. गावातलं चर्च सगळ्यांना माहीत असतं. तीन रविवार नावं वाचली की ज्याला हरकत आहे तो उठून बोलू शकतो: "अहो, याची पहिली बायको शेजारच्या गावात जिवंत आहे." जागा ठरलेली असेल तरच हरकत घेणारा तिथे पोचणार. म्हणजे इमारत ही लग्नाची साक्षीदार होती. लग्न कोण लावतं यापेक्षा ते कुठे लागतं, यावर सगळा कायदा उभा राहिला.

(स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीनला पळून जाण्याची प्रथा पडली आणि तिथल्या लोहाराच्या ऐरणीवर लागलेल्या लग्नांच्या कथा तयार झाल्या. त्या रंजक आहेत, पण आज नको.)

१८३६ साली दार थोडं किलकिलं झालं. इतर पंथांच्या प्रार्थनास्थळांना विवाहासाठी नोंदणी करून घेता येऊ लागली आणि पुढच्या वर्षीपासून धर्माशिवाय, नुसत्या रजिस्टर ऑफिसातही लग्न लावता येऊ लागलं. पण लग्न लागताना दारं उघडी हवीत, आणि प्रार्थनास्थळ ही 'स्वतंत्र इमारत' हवी. या दोन शब्दांचा फटका पुढे आपल्या लोकांना बसला. विसाव्या शतकात भारतातून गेलेल्यांनी मंदिरं आणि गुरुद्वारे थाटले ते बऱ्याचदा एखाद्या इमारतीच्या एका भागात. अशा जागेची विवाहासाठी नोंदणी होईना. ही 'स्वतंत्र इमारती'ची अट निघायला १९९० साल उजाडलं.

घड्याळाचंही तसंच. लग्न सकाळी आठ ते दुपारी बाराच्या आतच लागायला हवं होतं. १८८६ मध्ये ही मुदत तीनपर्यंत वाढली, १९३४ मध्ये सहापर्यंत, आणि वेळेचं बंधन पूर्ण उठलं ते थेट २०१२ साली. म्हणजे आपला गोरज मुहूर्त इंग्लंडच्या उन्हाळ्यात, जिथे सूर्य नऊ-साडेनऊला मावळतो, २०१२ पर्यंत कायद्यात बसतच नव्हता.

थोडं घरी येऊ. इंग्रजांनी हे बंधन इथे आणलं का? आणलं, पण स्वतःच्या माणसांपुरतं. १८७२ च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्यात अशी अट आहे की चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्याने लग्न चर्चमध्येच लावावं. पाच मैलांच्या आत तसं चर्च नसेल किंवा खास परवाना असेल तरच इतरत्र. १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडून बघा. त्यात जागेचा उल्लेखच नाही. रूढीप्रमाणे विधी करा; सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. अंगणात करा, शेतात करा, लॉन्सवर करा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा तिथून वाजवी अंतरावर तुम्ही म्हणाल त्या ठिकाणी लग्न लावायची सोय आहे. आपल्याकडे साक्षीला अग्नी आणि जमलेले लोक. मुहूर्तमेढ रोवून चार दिवसांसाठी उभा केलेला मांडव तर नंतर सोडायचाच असतो.

आणि नेमका हा मांडवच इंग्लंडच्या कायद्याला चालत नाही. कसा, ते सांगते.

१९९४ पर्यंत इंग्लंडमध्ये धर्माशिवाय लग्न करायचं तर रजिस्टर ऑफिस हा एकच पर्याय होता, आणि तेही राहत्या भागातलं. 'लग्नासाठी जागा निवडणं' ही गोष्ट तिथे फार तर तीस वर्षांपूर्वीची आहे, हे ऐकून माझ्या बहिणीला धक्काच बसला. जाइल्स ब्रँड्रेथ नावाच्या खासदाराने मांडलेलं खासगी विधेयक १९९४ मध्ये मंजूर झालं आणि १ एप्रिल १९९५ पासून हॉटेलं, हवेल्या, किल्ले यांना परवाना घेऊन लग्नं लावता येऊ लागली, आणि राहत्या भागाची अटही गेली. पण जागेची व्याख्या काय केली? कायमस्वरूपी, हलवता न येणारी वास्तू, जिच्यात निदान एक खोली आहे. नाहीतर कायमची नांगरून ठेवलेली बोट. जागा शोभनीय आणि प्रतिष्ठित हवी. ज्या खोलीत लग्न त्या खोलीत तासभर आधीपासून खाणंपिणं बंद. धार्मिक विधी नाही. तंबू नाही, मांडव नाही, उघडी हिरवळ नाही. फ्लीटच्या गुत्त्यांची भीती अडीचशे वर्षांनंतरही कायद्याच्या भाषेत जिवंत होती, असं मी म्हणते. माझे मार्गदर्शक म्हणतात, हे जरा जास्त होतंय. असो.

काचघर इथे कामाला आलं. जोडप्यांना हवी होती बाग, कायद्याला हवी होती खोली. काचघर म्हणजे छप्पर असलेली बागच की! चारही भिंती आहेत, पाया आहे, हलवता येत नाही आणि आत उभं राहिलं तर आजूबाजूला झाडंच झाडं. पाऊस आला तर फक्त आवाज येतो. आपल्याकडे ग्रीनहाऊस म्हटलं की जरबेरा नाहीतर ढोबळी मिरची आठवते. तिथे आता वधूचा पांढरा झगा आठवतो.

ही काचघरं उभी राहिली कशी, त्याचा इतिहास वेगळाच आहे. १७४५ पासून ब्रिटनमध्ये काचेवर वजनानुसार कर होता, म्हणून मोठं काचघर म्हणजे उघडउघड श्रीमंतीचं प्रदर्शन. १८४५ मध्ये कर उठला, काच स्वस्त झाली आणि सहाच वर्षांत लंडनला अख्खा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. तो रचणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने त्याआधी चॅट्सवर्थच्या हवेलीत प्रचंड काचघर बांधलं होतं. पहिल्या महायुद्धात ते तापवायला कोळसा मिळेना, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते पाडून टाकलं. आज ते असतं तर तारखा मिळाल्या नसत्या. क्यू गार्डन्समधलं नॅश यांचं काचघर मात्र टिकलं. ते मुळात बकिंगहॅम राजवाड्यासाठी बांधलेलं, तिथून १८३६ मध्ये क्यूला हलवलं. त्याच वर्षी रजिस्टर ऑफिसचा कायदा झाला होता! योगायोगच, पण आज त्या काचघरात लग्नं लागतात. गंमत बघा, 'हलवता न येणारी वास्तू' म्हणून चालणारी ही वास्तू स्वतःच एकदा हलवलेली आहे.

ज्यांच्याकडे काचघर नव्हतं त्यांनी बागेत पक्की छत्री बांधून तिचा परवाना काढला. रजिस्ट्रार, नवरानवरी छत्रीखाली. पाहुणे हिरवळीवर खुर्च्या टाकून. नियमही पाळला गेला आणि फोटोही छान.

मग कोविड आला. बंद खोलीत माणसं जमवणं धोक्याचं ठरलं आणि १ जुलै २०२१ पासून परवाना असलेल्या वास्तूच्या आवारात, उघड्यावर, धर्माशिवाय होणारं लग्न लावायला मुभा मिळाली. आधी तात्पुरती, मग २०२२ मध्ये कायमची. पण नीट वाचा: परवाना असलेल्या वास्तूच्या आवारात. वास्तू हवीच. माझ्या बहिणीला आवडलेली बाग हवेलीपासून वेगळी विकली गेलेली आहे. तिथे परवाना असलेली एकही इमारत नाही. म्हणून तिथे गुलाब आहेत, पण लग्न नाही.

"मग नुसती सप्तपदी केली तर काय बिघडलं?" तिने विचारलं. "देवाच्या साक्षीने झालं की."

इथे मी गंभीर झाले. २००१ सालचा एक खटला मी तिला सांगितला. लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये भटजींनी हिंदू पद्धतीने लग्न लावलं होतं. पुढे नवरा वारला. बायको विधवा म्हणून वारसाहक्क मागायला कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, हे लग्न रद्दबातलसुद्धा नाही, कारण ते लग्नच नव्हे. या दोहोंतला फरक शब्दांचा वाटतो, पण रद्दबातल लग्नातही जोडीदाराला काही हक्क मागता येतात. जे लग्नच नव्हे त्यात काहीच नाही. २०२० मध्ये अपील कोर्टाने रेस्टॉरंटमध्येच झालेल्या एका निकाहबाबत हीच भूमिका कायम ठेवली. भारतात हाच विधी, हेच मंत्र, तर ती निर्विवाद पत्नी. शेजारी बसलेल्या क्वेकर जोडप्याने त्याच बागेत, झाडाखाली आपल्या रीतीने लग्न लावलं तर तेही वैध. १७५३ ची सूट आजही चालू आहे. विवाहनोंदणी असलेल्या हिंदू मंदिरात लागलेलंही वैध. फक्त तुमचा मांडव नाही.

जागेऐवजी लग्न लावणाऱ्या व्यक्तीला परवाना द्या, म्हणजे हा घोळ संपेल, अशी शिफारस तिथल्या विधी आयोगाने जुलै २०२२ मध्ये केली. स्कॉटलंडमध्ये साधारण तसंच चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने त्या दिशेने कायदा बदलायचा मनोदय जाहीर केला आहे. पण बहिणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचं लेकरू तिकडे असेल आणि बागेचे फोटो पाठवत असेल, तर फुलांच्या आधी परवाना विचारा. तो नेमका कोणत्या खोलीचा आहे, आवार कुठपर्यंत धरलंय, आणि होम पेटवू देतात का. काचघरात जुलैच्या दुपारी किती उकडतं, तेही विचारा. टोमॅटोसाठी बांधलेल्या जागेत शालू नेसून बसायचं आहे.

शेवटी काचघर ठरलं. सकाळी अकराला रजिस्ट्रार येणार, मंत्र नाहीत, अक्षता नाहीत, वीस मिनिटांत सह्या. रजिस्ट्रारची गाडी फाटकाबाहेर पडली की बाहेर हिरवळीवर अंतरपाट धरायचा आणि मंगलाष्टकं सुरू. मामीचा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही: पत्रिकेवर मुहूर्त कोणता छापायचा, अकराचा की नंतरचा?