कल्याणी, अहिल्या आणि दोन रमाबाई

दरवर्षी गणपतीला आमच्या घरी आत्या मुक्कामाला येते. यंदा ती आली तेव्हा घरात एक वाद चालू होता. माझी मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिला दोन मैत्रिणींबरोबर अभ्यास करायचा होता. माझे म्हणणे असे, की मैत्रिणी जमल्या की गप्पाच होतात, अभ्यास एकट्यानेच होतो. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि मला एवढेच विचारले, "'उडान' आठवते का रे तुला?"

त्या प्रश्नातून हा लेख निघाला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. पण आपल्या पिढीने टीव्हीवर कर्तबगार बायका कशा पाहिल्या, हाही आता इतिहासच झाला आहे.

१९८४ साली 'हम लोग' सुरू झाली आणि मालिका बघायची सवय देशाला लागली. पुढच्याच वर्षी बासु चटर्जींची 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकर, म्हणजे विजय तेंडुलकरांची मुलगी. आपल्या घरात तिचे कौतुक थोडे जास्तच होते. रजनी साधी गृहिणी, पण गॅसवाला असो की टॅक्सीवाला, चुकेल त्याला जाब विचारणारी. तिच्याकडे खुर्ची नव्हती, हुद्दा नव्हता. होता तो फक्त स्पष्टपणा.

हुद्दा आला १९८९ मध्ये, 'उडान'मधून. कविता चौधरी हे नाव आठवणार नाही, पण सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी सगळ्यांना आठवतील. त्याच या. मालिका त्यांनीच लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंहची भूमिकाही केली. घरावर अन्याय झालेली मुलगी जिद्दीने पोलीस अधिकारी होते, अशी ती गोष्ट. ती नुसती कल्पना नव्हती. कविताजींची मोठी बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य १९७३ च्या तुकडीच्या आयपीएस अधिकारी. किरण बेदींनंतर या सेवेत आलेल्या त्या दुसऱ्या महिला. २००४ मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशातल्या कोणत्याही राज्यात या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. एका बहिणीने वर्दी घातली आणि दुसरीने ती गोष्ट देशभरातल्या घराघरांत नेली. कांचनजी २०१९ मध्ये गेल्या, कविताजी २०२४ मध्ये.

पुढे १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'तारा' आली. शहरात नोकरी करणाऱ्या, आपले निर्णय आपण घेणाऱ्या मैत्रिणींची ही मालिका. आमच्या घरी ती लागली की मुलांना पाणी आणायला पिटाळत. १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'शांती' आली, तिची नायिका पत्रकार. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि 'आभाळमाया'तली सुधा जोशी घरात आली. सुकन्या कुलकर्णींची ही प्राध्यापिका आमच्या आईला शेजारीण वाटायची. आमच्या घरात रोज रात्री ठरल्या वेळी मराठी मालिका ऐकू येऊ लागली ती तेव्हापासून. इंदुरात राहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मग २००० साली सासू-सुनांच्या मालिकांची लाट आली आणि चित्र पालटले. बायका पडद्यावर राहिल्या, उलट वाढल्या, पण ऑफिस गेले आणि तिजोरीच्या किल्ल्या आल्या. दोन बायका समोरासमोर आल्या की एक दुसरीविरुद्ध कट करणार, हे जणू ठरूनच गेले. इतकी वर्षे रोज हेच बघितल्यावर बायका एकत्र आल्या की भांडणार किंवा गप्पा मारणार, असे आपल्यालाही वाटू लागले. माझे मुलीला दिलेले उत्तर कुठून आले, हे मला आता कळते.

त्यानंतरच्या दोन मालिका आपल्या अगदी जवळच्या. २०१२ मध्ये झी मराठीवर रमाबाई रानडे यांच्या जीवनावरची 'उंच माझा झोका' आली आणि २०२१ मध्ये सोनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई'. इंदुरात राहून अहिल्यादेवी टीव्हीवर बघायच्या म्हणजे घरचाच कार्यक्रम. दोन्ही मालिका मनापासून पाहिल्या, पण आत्याच्या प्रश्नानंतर एक गोष्ट लक्षात आली. 'उडान'मध्ये मुलीमागे वडील उभे आहेत, 'उंच माझा झोका'त रमाबाईंना शिकवणारे न्यायमूर्ती रानडे आहेत, आणि अहिल्याबाईंच्या पाठीशी मल्हारराव आहेत. हे सगळे खरे आहे. या पुरुषांचे उपकार मोठेच. पण दार उघडून देणारा पुरुष आपल्याला चटकन दिसतो. त्या दारातून बरोबर चालत गेलेली बाई मात्र तितकी लक्षात राहत नाही.

रमाबाई रानडे यांचेच पाहा. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवले, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. नवरा गेलेला, पदरी लहान मुलगी मनोरमा, आणि संस्कृतातली विद्वत्ता अशी की पुण्यातल्या पंडितांनीही ऐकत राहावे. त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि रानड्यांच्या रमाबाई तिथे जाऊ लागल्या. एकीचे वय चोवीस, दुसरीचे वीस. तिथे जाण्यावरून घरात टोमणे बसत, तरी जाणे थांबले नाही. नवऱ्याने अक्षर दिले, हे खरे. पण चार बायकांत उभे राहून बोलायचे धैर्य बायकांतच बसून येते.

पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुण्याला हलल्यावर त्या संस्थेतल्या मुलींच्या धर्मावरून मोठा वाद झाला आणि न्यायमूर्तींसह सल्लागार मंडळी त्यातून बाजूला झाली. तरी रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या तेव्हा पंडिताबाईंना वगळले नाही. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या, आणि त्यांचे मोठे काम याच वर्षांतले आहे. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. तिथे विधवा आणि गरजू बायका शिकल्या, परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. न्यायमूर्ती नसताना हे उभे राहिले ते एकमेकींच्या आधाराने.

आता आत्याची गोष्ट. 'उडान' लागायची तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मी अकरा वर्षांचा. आमच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीसमोर ती आणि वाड्यातली तिची मैत्रीण शेजारी बसायच्या. त्याच वर्षी दोघींनी सरकारी नोकरीचा अर्ज भरला. आजोबा परवानगी देईनात. शेवटी मैत्रीण घ्यायला येणार आणि पोचवायला येणार, या अटीवर ते तयार झाले. आत्याचे फॉर्मचे पैसेही मैत्रिणीने शिकवणीच्या कमाईतून भरले. दोघी पास झाल्या. आत्या तेहेतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाली. परवा मला म्हणाली, "कल्याणीला बघून मनात आलं, हे खरं. पण परीक्षेच्या हॉलपर्यंत मला हिनं नेलं. तुझ्या आजोबांनी परवानगी दिली, हे घरात सगळे सांगतात. तिचं नाव कोणी घेत नाही."

मी निरुत्तर झालो. हे मला कोणी सांगितलेच नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.

गणपतीनंतर आमच्या गच्चीवरची खोली मी रिकामी करून देणार आहे. तिथे तीन टेबले बसतात, मापे घेतली आहेत. आणि वाचकांना एक विनंती. आरतीनंतर प्रसाद घेताना आपल्या घरातल्या नोकरी केलेल्या आईला, आत्याला, मावशीला विचारा, तुझ्याबरोबर कोण होती? उत्तरात जे नाव येईल ते लिहून ठेवा.