भिंतीत नीळ जास्त झाली



गेल्या वर्षी आमच्या ग्रामसंघाला बसायला एक खोली मिळाली. खोली जुनी, पण खाली बिस्किटी रंगाच्या टाइल्स बसवलेल्या. आपल्याकडे बायका तिला ‘स्टाइल’ म्हणतात, तीच ती. भिंतींचा रंग मात्र उडालेला होता. तो गटाच्या पैशांतून द्यायचा आणि आपणच निवडायचा, असं बैठकीत ठरलं. दुकानात गेलो. कार्डावरचा एक फिका राखाडी रंग सगळ्यांना आवडला. ‘फिका रंग कशावर पण चालतो,’ असं दुकानदार म्हणाला, आणि आम्हालाही ते पटलं.

दोन दिवसांत भिंती रंगवून झाल्या. तिसऱ्या दिवशी आत पाऊल टाकलं, तर खोलीला कळाच नाही. फरशी मळकी पिवळी दिसत होती. दोनदा पुसली तरी तशीच. भिंत आजारी माणसाच्या नखासारखी निळसर. साडेचार हजार रुपये गेले होते. वर पारावरून शब्द कानावर आले, “बायकांना काय रंगातलं कळतंय!” पैशापेक्षा ते जास्त लागलं.

त्या दिवशी आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क आजी बैठकीला आल्या. कधी शाळेत न गेलेल्या. दारातच थांबल्या, एकदा खाली बघितलं, एकदा वर बघितलं आणि म्हणाल्या, “पोरींनो, भिंतीत नीळ जास्त झालीया. खालची जमीन पिवळी, तिच्यासंगं हे निळं कसं जमंल?”

आम्ही दुकानात अर्धा दिवस घालवून जे दिसलं नाही, ते आजींना दारातून दिसलं. हे त्यांना कुठून कळलं, याचा मी शोध घेत राहिले. पुस्तकं वाचली, जुन्या बायकांना विचारलं. त्यातून जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगते.

आपल्या जुन्या गावाचे दोन भाग असायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीतली माती खणून आणायची आणि तिने भिंती पोतारायच्या, हे बायकांचं काम. खालची जमीन शेणाने सारवायची, हेही बायकांचंच. दसऱ्याच्या आधी तर घराघरात हेच चालायचं. भिंतीच्या पायाशी गेरूचा नाहीतर काजळीचा पट्टा ओढायचा. तो शोभेला असायचाच, पण सारवताना उडालेले शिंतोडेही त्यात लपायचे. आज टाइल्सवाला भिंतीच्या कडेने जी पट्टी बसवतो, ती त्याच पट्ट्याची धाकटी बहीण.

या घरात जमीन आणि भिंत कधी भांडली नाहीत. कारण सरळ आहे. दोन्ही एकाच गावच्या मातीतून, एकाच बाईच्या हातून झालेल्या. ठाणे-पालघरकडच्या वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. पूर्वी तो सवाशिणीच लिहायच्या. तिथेही रंग भोवतालचेच, माती आणि धान्य. आणखी मागे जायचं तर अजिंठ्याची लेणी बघा. तिथल्या भिंतींवर मातीचा गिलावा आहे आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे बहुतेक जवळपासचेच रंग आहेत. निळा दगड तेवढा दूरदेशाहून आलेला. दीड हजार वर्षांनंतरही ती चित्रं डोळ्याला खुपत नाहीत.

हे काम सोपं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. शेण कालवून, ओणवं होऊन सारवण्यात आपल्या आई-आज्यांच्या कंबरा गेल्या. फरशी आली तेव्हा बायकांना सुटल्यासारखं वाटलं, ते खरंच आहे. मला एवढंच म्हणायचं आहे, की कष्ट सुटले तेव्हा त्यांच्याबरोबर रंगाची पारखही हातातून सुटली. ती सुटायची गरज नव्हती.

आता आजींच्या निळीकडे येते. पांढऱ्या मातीनंतर घरोघरी चुना आला. चुनखडी भट्टीत भाजायची, तो कळीचा चुना पाण्यात विरवायचा आणि कुंचल्याने भिंतीला द्यायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो भिंतीवर पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. पण नुसता चुना किंचित पिवळट दिसतो. म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकायची. आपण पांढऱ्या कपड्यांना देतो तीच. ही झाडाची नीळ नव्हे. 1828 च्या सुमारास युरोपात ही नीळ कृत्रिम रीतीने बनवायचा मार्ग सापडला. त्याआधी तसला निळा रंग मौल्यवान दगड कुटून काढावा लागे. नंतर तो पुडीत मिळू लागला. पिवळटपणावर थोडा निळा पडला की डोळ्याला पांढरं शुभ्र दिसतं. नीळ जास्त झाली की भिंत निळी पडते. किती टाकायची हे बायका अंदाजाने ठरवत. म्हणजे पांढऱ्याच्या पोटात कोणता रंग लपलाय, हे ओळखायची सवय त्यांच्या डोळ्याला होती.

याच गोष्टीवर फ्रान्समध्ये एका शास्त्रज्ञाने मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं नाव शेव्हरल. पॅरिसच्या गोबेलाँ या सरकारी विणकामशाळेत ते रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार यायची, की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. 1839 साली त्यांनी ते सगळं मांडलं. सार एवढंच, की कोणताही रंग एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो. निळ्याशेजारी पिवळा आणखी पिवळा दिसतो. आमची फरशी मळली नव्हती, निळसर भिंतीने तिला पिवळी पाडली होती.

मग फरश्या आल्या, त्या गावाबाहेरून. आपल्या सोलापूरकडे पहिली ओळख शहाबादी फरशीची. शहाबाद हे आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापूर, शहाबादवरून 1871 साली रायचूरला पोचली आणि हा जड दगड लांबवर नेणं सोपं झालं. शहाबादी कुठे निळसर राखाडी, तर कुठे पिवळट असते. ज्यांना फरशी परवडत नव्हती, त्यांनी लाल कोबा केला. शहरात सिमेंटच्या नक्षीदार फरश्या आल्या. आधी त्या परदेशातून यायच्या. 1922 साली सिधवा घराण्याने भारत टाइल्स सुरू केली आणि स्वदेशी फरशी बनू लागली. पुढे संगमरवराच्या चुऱ्याची मोझॅक आली, राजस्थानची हिरवट कोटा आली. आणि आता गुजरातच्या मोरबीहून भट्टीत भाजलेल्या चकचकीत टाइल्स ट्रक भरून येतात.

भिंतीचा रंगही डब्यातून येऊ लागला. 1942 साली, महायुद्धात परदेशी रंगाची आयात अडली, तेव्हा मुंबईत चार मित्रांनी एका गॅरेजात एशियन पेंट्स सुरू केली. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला, हातात डबा-ब्रश घेतलेला गट्टू तुमच्यातल्या कित्येकींना आठवत असेल. या कंपनीने रंगाच्या छोट्या डब्या खेड्यात विकल्या, आणि लोक त्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला घेत. म्हणजे डब्यातला रंग कितीतरी घरांत आधी बैलाच्या शिंगाला लागला आणि मग भिंतीला.

इथेच काम आपल्या हातून गेलं. फरशी गवंड्याने आणली, रंग पेंटरने सांगितला, कार्ड दुकानदाराने धरलं. बाईला विचारलं तर शेवटी, “कुठला पायजे?” एवढंच. आणि आपण म्हणतो, “द्या कुठलाही फिका.”

पण मैत्रिणींनो, फिका रंग ‘कुठलाही’ नसतो. दुसऱ्यांदा मी दुकानात गेले, तेव्हा रंग कालवायच्या मशीनजवळ उभी राहिले. पांढऱ्या रंगाच्या डब्यात मशीन वेगवेगळे थेंब सोडतं. मी विचारलं, यात काय काय टाकता? त्याने पडद्यावर दाखवलं. पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, काळा. मी उडालेच. पिवळा ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंज, तोच पिवळ्या मातीत असतो. लाल ऑक्साइड म्हणजे तेच, जे गेरूत असतं. काळा म्हणजे बहुधा काजळीच. फरक एवढाच, की हे कारखान्यात बनतात. क्रीम, मोतिया, बदामी, बिस्किटी, राखाडी, ही सगळी नावं म्हणजे पांढऱ्यात पिवळी माती, गेरू आणि काजळी कमीजास्त. फरशीचंही तसंच. तिच्यातला पिवळेपणा किंवा तांबूसपणा बहुतेक वेळा मातीतल्या लोखंडाचाच असतो. म्हणून कार्डावरचं इंग्रजी नाव वाचता आलं नाही तरी बिघडत नाही. विचारायचं, “यात पिवळं किती, तांबडं किती, काळं किती, निळं आहे का?”

निवडायची रीत साडीसारखी आहे. आधी लुगडं, मग चोळी. फरशी बदलायला खर्च फार, रंग बदलायला कमी. म्हणून फरशी हे लुगडं आणि भिंत ही चोळी. ब्लाउजपीस घ्यायला आपण साडी घेऊन जातो, तशी उरलेली एखादी टाइल किंवा तिचा तुकडा दुकानात न्या. त्याच्याही आधी घरी फरशीवर कोरा पांढरा कागद ठेवा. कागदाशेजारी फरशीचा लपलेला रंग लगेच उघडा पडतो. पिवळट, गुलाबीसर, हिरवट की निळसर, ते कळतं.

फरशी क्रीम किंवा बिस्किटी असेल, तर भिंतीला पिवळसर पांढरा द्या. बर्फासारखा पांढरा दिला तर फरशी मळकी दिसते. निळसर राखाडीचं काय होतं, ते आम्ही पैसे देऊन शिकलो. फरशी गुलाबीसर असेल तर पांढऱ्यात गेरूचा किंचित अंश असलेला रंग घ्या. शहाबादी निळसर राखाडी असेल तर काजळीकडे झुकणारा अगदी हलका राखाडी शोभतो. पिवळट शहाबादीवर क्रीम चांगला. हिरवट कोटावर गुलाबी झाक टाळा, कारण तांबडा आणि हिरवा एकमेकांना भडकवतात. लाल कोब्यावर मोतिया बसतो. मोझॅकमध्ये खूप रंग असतील तर त्यातला सगळ्यात फिका रंग धरा. पण भिंत फरशीइतकीच गडद करू नका. दोन-तीन पायऱ्या उजळ ठेवा, नाहीतर लहान खोली कोंदट वाटते.

आणि कार्डावर विश्वास टाकू नका. लहान डबी आणून फरशीला लागून दोन फूट भिंत दोन हात देऊन रंगवा. वाळू द्या. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा. पांढऱ्या दिव्यात बहुतेक वेळा निळसरपणा वाढतो, पिवळ्या दिव्यात पिवळेपणा. आपल्या घरी लागणाऱ्या दिव्यातच ठरवा. घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. 2017 पासून घरगुती रंगात ते दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही. लेकरं भिंतीला हात लावून तोच हात तोंडात घालतात.

हे सगळं आज का सांगतेय? आपल्यातल्या कितीतरी जणींची घरकुलं होत आहेत. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत गावातलं घर निदान 25 चौरस मीटरचं असतं, आणि ते शक्यतो बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. कागदावर नाव आलं, ही मोठी गोष्ट. पण त्या घरात पहिला निर्णय घ्यायची वेळ आली, की आपण मागे सरतो आणि म्हणतो, तुम्हीच बघा. भिंतीचा रंग ही तशी छोटी गोष्ट. तरी जिने भिंतीचा रंग कारण देऊन ठरवला, ती उद्या मोरी कुठे आणि खिडकी कुठे, हेही सांगेल.

आमच्या खोलीला आम्ही पुन्हा रंग दिला. या वेळी प्रत्येकीने थोडी वर्गणी काढली आणि कुंचलाही आम्हीच धरला. टाइलचा तुकडा नेला होता. पांढऱ्यात पिवळ्याचे थोडे थेंब, तांबड्याचा नावाला. भिंतीवर पट्टा ओढून दोन दिवस थांबलो, मग सगळी खोली रंगवली.

पुढच्या बैठकीला आजी आल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी भिंतीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. खाली बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “हप्ता कुणाकुणाचा राहिलाय, ते आधी बघू.”

तेव्हा कळलं, की रंग जमला.